सगळ्या शाळांना एकच जीआर? – तपासणीच्या नोकरीतले काही अनुभव

शेरेबुक

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "शिक्षण खात्यातले अधिकारी दिवसभर करतात तरी काय?" खाली दोनच उत्तरं आली होती, 'सह्या' आणि 'जेवण'. दोन्ही अगदीच खोटी नाहीत. तरी अख्खी नोकरी त्याच खात्यात गेल्यामुळे जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

1985 साली अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून लागले. 1994 च्या नोव्हेंबरात शासनानं राज्यभर केंद्रप्रमुखांची 4860 पदं काढली, साधारण दहा शाळांमागे एक. पुढे मला ते पद मिळालं, मग विस्तार अधिकारी झाले आणि शेवटची वर्षं नंदुरबार जिल्ह्यात गटशिक्षणाधिकारी होते. 2022 ला निवृत्त झाले. खेड्यात आम्हाला 'दिपोटी' (डेप्युटी) म्हणायचे. बाई असले तरी "दिपोटी आला" असंच.

अक्कलकोटकडे घरची भाषा आणि शाळेचं माध्यम यांचा मेळ असेलच असं नाही. काही गावांत कन्नड शाळा आणि मराठी शाळा शेजारी शेजारी. मराठी शाळेत पहिलीला आलेलं पोर घरी कन्नड बोलतं आणि गुरुजी बदलीनं आलेले करमाळ्याकडचे. जूनमध्ये अशा वर्गात मागे बसून बघा. गुरुजी म्हणतात "पाटी काढा", निम्मी मुलं शेजारच्याकडे बघून पाटी काढतात, एखादं उठून चक्क बाहेर निघतं. त्याला वाटतं, सुटी झाली. वर पाठवायच्या तक्त्यात हे पोर 'अप्रगत'.

अशा एका गावात आम्ही एवढंच केलं: अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना जून-जुलैत रोज पहिला तास पहिलीच्या वर्गात बसवलं. त्या गोष्ट कन्नडमध्ये सांगायच्या, मग गुरुजी तीच मराठीत. मुलं तर रुळलीच, पोळ्यापर्यंत गुरुजीही "बा", "होगु", "कूडु" म्हणायला लागले. याला कुठल्याही जीआरचा, म्हणजे शासन निर्णयाचा, आधार नव्हता. अंगणवाडी महिला व बालविकासची, शाळा आमची. पर्यवेक्षिका बाईंशी बोलले, सरपंचांच्या कानावर घातलं आणि सुरू केलं. रीतसर प्रस्ताव पाठवला असता तर ती मुलं सातवी होऊन गेल्यावर उत्तर आलं असतं.

उर्दू शाळांचं दुखणं निराळं. तपासणीला जाणाऱ्या बहुतेकांना उर्दू वाचता येत नाही. मग काय बघतात? रंगरंगोटी, पोषण आहाराची नोंदवही, शौचालयाला कडी आहे का. मुलाला वाचता येतं की नाही, हे सोडून सगळं. मी एका निवृत्त उर्दू मुख्याध्यापिका बाईंना विनंती करून सोबत न्यायला लागले. त्या वह्या बघायच्या. मी मुलांना वाचलेला धडा दखनीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, सांगायला लावायची. सांगता आला तर समजलाय. त्या बाईंनी एकदा एका गुरुजींच्या फलकलेखनातल्या चुका मुलांसमोर न काढता मधल्या सुटीत चहा पिताना काढल्या. तपासणी कशी करावी हे मी कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकले.

धडगाव-अक्कलकुव्याकडे गेल्यावर तर आधीचं निम्मं बाजूला ठेवावं लागलं. तिथं गाव म्हणजे विखुरलेले पाडे, मधे नाले आणि चढ. मुलं भिलोरी किंवा पावरी बोलणारी. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, त्या दिवसांत शाळा ओस. जुनं शेरेबुक चाळलं तर दरवर्षी त्याच आठवड्यात कुणी ना कुणी साहेब येऊन लिहून गेलेले, 'उपस्थिती असमाधानकारक'. अहो, अख्खा सातपुडा बाजारात आहे, उपस्थिती कुठून येणार? मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या असतात, त्या आम्ही तिकडे वळवायला सांगितल्या. वर्षाच्या 76 सुट्ट्यांचा हिशोब तोच राहिला.

आणि एक सवय मी लावून घेतली, तिचा मला अभिमान आहे, सांगून टाकते. 'सुधारणेस वाव आहे' हे लिहिणं बंद केलं. शेऱ्यात शिक्षकानं काय करावं ते एका ओळीत, आणि त्याखाली पुढच्या भेटीपर्यंत मी काय करणार ते. 'चौथीसाठी गणितपेटी मिळवून देणे – माझ्याकडे.' 'छताच्या अंदाजपत्रकाचा पाठपुरावा – माझ्याकडे.' पुढच्या वेळी गेलं की शिक्षक शेरेबुक उघडून पुढ्यात ठेवायचे, "मॅडम, तुमचं राहिलंय." चिडचिड व्हायची. पण भेटीला अर्थ यायचा.

आता तुम्ही लिहा. शिव्या चालतील.

---

टवाळ

शिव्या नाही, आठवण देतो. आमच्या शाळेत साहेबांची भेट असली की मुलांची उपस्थिती शंभर टक्के आणि गावातल्या कोंबड्यांची नव्व्याण्णव.

बाकी लेख आवडला. "तुमचं राहिलंय" हे साहेबाला तोंडावर सांगणारा शिक्षक मला बघायचाय.

---

पाटीपेन्सिल

शेरेबुक ताई, मनापासून लिहिलंय, पटलंही. पण तुम्ही सांगताय तो काळ गेला. मी सध्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. केंद्रप्रमुख म्हणजे आता व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. सकाळी 11 ला मेसेज: "अतितात्काळ. दुपारी 2 पर्यंत माहिती सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." वर्गात चार इयत्ता बसलेल्या. जोडीचे सर बीएलओच्या, म्हणजे मतदारयाद्यांच्या, कामाला. मी एका हातानं फळ्यावर वजाबाकी आणि दुसऱ्या हातानं लिंक भरतेय. यू-डायस पोर्टलला भरलेला पट पुन्हा सरल पोर्टलला, आणि तोच पुन्हा तालुक्याच्या गुगल शीटमध्ये.

आमच्या केंद्रप्रमुख सरांना दोष देत नाही. त्यांच्याकडे शेजारच्या केंद्राचाही चार्ज आहे. ते तरी कधी येणार आणि आमच्या कुठल्या मुलाला वाचता येतं हे कधी बघणार?

---

शेरेबुक

पाटीपेन्सिल, शब्दन् शब्द खरा. पद काढताना कल्पना अशी होती की या माणसानं शाळांना शैक्षणिक मदत करायची. परिपत्रकं पोचवायला तालुक्यात कारकून होतेच. पण खालपर्यंत पोचणारा, दुचाकी असलेला, नाही म्हणू न शकणारा माणूस आयता मिळाला, मग सगळ्यांनी त्याच्याच हातात कागद दिले. माझ्या काळातही हे सुरू झालं होतं. तेव्हा कागद एसटीच्या ड्रायव्हरबरोबर यायचे, त्यामुळे दिवसभराची सवलत मिळायची इतकंच.

@टवाळ: नव्व्याण्णव नाही हो, मी शाकाहारी. पण तुमचा टोला योग्य जागी लागलाय. नंतर मी मुलांच्या पंगतीत पोषण आहारच खायला लागले. खिचडी कशी शिजते तेही कळतं आणि गुरुजींच्या घरचा स्वयंपाकही वाचतो.

---

बालाघाट

बीड जिल्ह्यातून लिहितोय. तुम्ही घरच्या भाषेचं लिहिलंत. आमच्याकडे भाषा एकच, मुलंच नसतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि वर्ग अर्धे होतात. कर्नाटकापर्यंत जातात. परत येतात ती उन्हाळ्यात, परीक्षेच्या तोंडावर किंवा परीक्षा झाल्यावर.

उपाय आहेत कागदावर, आणि ते वाईटही नाहीत. हंगामी वसतिगृह म्हणजे मूल गावातच आजीजवळ राहतं आणि दोन वेळचं जेवण शाळेमार्फत मिळतं. जिथं जाईल तिथल्या शाळेत दाखल व्हायला शिक्षण हमी पत्रक. पण वसतिगृहाची मंजुरी मुकादमाच्या उचलीआधी (आगाऊ रकमेआधी) यायला पाहिजे. उचल घेताना नवरा-बायकोचा 'कोयता' (तोडणीची जोडी) ठरतो तेव्हाच लेकराचं काय करायचं हेही ठरतं. एकदा लेकरू ट्रॅक्टरवर चढलं की मंजुरीचं पत्र घेऊन काय करायचं?

2011 ची पटपडताळणी आठवते का? 3 ते 5 ऑक्टोबर, राज्यभर एकाच वेळी, मुलांच्या बोटाला शाई लावून. बोगस पट दाखवणाऱ्यांना चाप बसला ते चांगलंच झालं. पण दसरा 6 तारखेला होता. टोळ्या अजून गावात होत्या म्हणून आमच्या वर्गातली सगळी बोटं शाईत बुडाली. तीच पडताळणी महिना-दीड महिन्यानं झाली असती तर आम्हीही बोगस ठरलो असतो. खरी मुलं, खरे आईबाप, आणि शाळा बोगस. तारीख ठरवणाऱ्याच्या डोक्यात ऊस असायला हवा ना!

---

सीमेवरचा

जत तालुक्यातला कन्नड माध्यमाचा शिक्षक. माझी मराठी माफ करा, मॅडमनी आमच्या भागाचं लिहिलं म्हणून लिहितोय.

आमची अडचण उलटी. शाळा कन्नड, मुलं कन्नड, पुस्तकं बालभारतीची कन्नडमध्ये मिळतात. पण प्रशिक्षण मराठीत, परिपत्रक मराठीत, तज्ज्ञ मार्गदर्शक मराठी. भाषा विषयाच्या प्रशिक्षणात मराठी जोडाक्षरांवर दोन तास बसलोय मी. शेवटी चाचणी पण दिली आणि पास झालो.

एक विस्तार अधिकारी साहेब आम्हाला चांगले भेटले होते. त्यांना कन्नड येत नव्हतं, पण त्यांनी कन्नड शाळांची वेगळी शिक्षण परिषद (केंद्रातल्या शिक्षकांची बैठक) लावायला परवानगी दिली. बस, एवढंच केलं. आम्ही आमच्यात बसून वाचनाचे कार्ड तयार केले, ते अजून वापरतो.

---

जुनीपानं

चर्चेत एक जुनी गोष्ट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीत काम सुरू केलं आणि 1957 ला कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. मग शाळाच गुरांमागे कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं दगड-पानं-बिया मोजतायत. पुण्याजवळच्या खेड्यांत चित्रा नाईकांनी चालवलेले रात्रीचे वर्गही त्याच जातीचे; दिवसा धाकटी भावंडं आणि शेरडं सांभाळणाऱ्या मुली तिथं मोठ्या संख्येनं येत. म्हणजे शेरेबुक ताई म्हणतात ते आपल्याकडे कधीच करून झालंय.

---

शेरेबुक

जुनीपानं, दोघींना नमस्कार. पण एक बोलते, राग मानू नका. कोसबाडचं उदाहरण मी इतक्या प्रशिक्षणांत ऐकलंय की मोजदाद नाही. टाळ्या व्हायच्या, मग चहा, मग हजेरीपत्रकावर सही. ताराबाई-अनुताईंची स्वतःची संस्था होती, वेळ त्यांचा होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं मुलं कुरणात नेली आणि तेवढ्यात पथक आलं तर त्याला शाळा बंद आढळल्याची नोटीस मिळते. मग त्या शिक्षकाच्या मागे उभं राहायला कुणीतरी लागतं. मला म्हणायचं होतं ते हे. शिक्षकांकडे कल्पना खूप असतात. "कर तू, विचारलं तर माझं नाव सांग," असं म्हणणारा वरचा माणूस क्वचित असतो.

2015 चं सांगते. 22 जूनचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर. त्याच सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) नाव, मुलं स्वतः करून शिकतात त्या पद्धतीसाठी, राज्यभर झालं आणि बसेस भरभरून शिक्षक ते बघायला गेले. तिथल्या विस्तार अधिकारी बाईंनी शिक्षकांबरोबर बसून, वाद घालून, काही वर्षं खर्चून ते उभं केलं होतं. आम्हाला ते एका बैठकीत मिळालं. परिणाम? गावोगाव शाळांच्या फरश्या रंगल्या. शंभर आकड्यांची चौकट, बाराखडीचं चक्र. मी नंदुरबारकडच्या एका शाळेत गेले तर शेणानं सारवलेली जमीन, आणि गुरुजी विचारतायत, "मॅडम, यावर ऑइलपेंट बसेल का?" मी म्हटलं, खडे आणा, बिया आणा, जमिनीवर काडीनं चौकोन काढा. ते म्हणाले, "पण फोटोत दिसत नाही ना."

---

टवाळ

"फोटोत दिसत नाही" हे खात्याच्या बोधचिन्हाखाली लिहा.

---

अबोली_दादर

मुंबई महापालिकेच्या शाळांत होते मी. आमच्याकडे आठ भाषांतल्या शाळा. एकाच इमारतीत तळमजल्यावर हिंदी, पहिल्यावर मराठी, वर उर्दू, कोपऱ्यात तमिळचे दोन वर्ग, आणि सकाळ-दुपार दोन पाळ्या. भांडण कशावरून? मैदान, हॉल आणि पाण्याची टाकी. स्नेहसंमेलनाचा हॉल कुणाला आधी, यावरून मुख्याध्यापकांचं बोलणं बंद. आमच्या एका बीट अधिकारी बाईंनी चारही मुख्याध्यापकांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवायचा नियम केला. सुरुवातीला नुसता चहा. पुढे हिंदीच्या सरांनी उर्दूच्या मुलांना गणित आणि उर्दूच्या बाईंनी मराठीच्या मुलांना चित्रकला, असं आपोआप सुरू झालं. गुजराती-तमिळचा पट मात्र घटतच गेला, त्याला त्या बाई तरी काय करणार?

---

भीमथडी

सगळं छान चाललंय, मी जरा उलटं बोलतो. मी पालक आहे. आमच्या वाडीच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून सहा मुलं. माझी मुलगी तिच्या इयत्तेत एकटी. पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. खो-खो खेळायला गडी नाहीत. शिक्षक चांगले आहेत, पण मुलांना मुलं लागतात. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं 2023 च्या सप्टेंबरातलं पत्र आलं तेव्हा सगळे "गरिबांच्या शाळा बंद करतायत" म्हणून ओरडले. मला तर वाटलं, बरं होईल. पानशेतला बसनं मुलं आणतात, शाळा चांगली आहे असं ऐकलंय. शाळा वाचवायची की पोरांचं शिक्षण?

---

बालाघाट

भीमथडी, बस पहिल्या वर्षी येते. तिसऱ्या वर्षी डिझेलचं बिल कुणी द्यायचं यावर पत्रव्यवहार येतो. आणि बस बंद पडली की आधी घरी बसतात त्या मुली.

---

शेरेबुक

भीमथडी, तुमचा प्रश्न टोलवणार नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, मी तुमच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

त्या वेळी 20 च्या आतल्या शाळा 14,783 निघाल्या होत्या. माझं भांडण त्या आकड्याशीच आहे. त्यात तुमची वाडी आहे, जिथून डांबरी रस्त्यानं पंधरा मिनिटांत दुसरी शाळा येते. त्यातच धडगावचा एखादा पाडाही आहे, जिथून नकाशावर एक किलोमीटरवरची शाळा पावसाळ्यात नाल्यापलीकडे जाते. तोरणमाळला याच कारणानं निवासी समूह शाळा झाली. मोठ्या मुलांना ती मानवते. सहा वर्षांचं पोर आईपासून लांब ठेवायला पावरा घरातली आई तयार होत नाही, आणि तिनं का व्हावं? यादी मंत्रालयात पटाच्या आकड्यावरून करण्याऐवजी केंद्रप्रमुखानं पायी फिरून करावी, पालकांना विचारून. तुमची शाळा जोडावी, पाड्याची ठेवावी. पण केंद्रप्रमुखाला फिरायला वेळ आहे कुठे? पाटीपेन्सिलनी वर लिहिलंच आहे.

शिवाय 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) नव्या निकषांनी छोट्या शाळांचे शिक्षकच कमी केले. शाळा बंद न करताही बंद पाडता येते.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. इथं सत्तरी, सांगे, काणकोण भागात एकशिक्षकी सरकारी प्राथमिक शाळा पुष्कळ, काही मराठी, काही कोंकणी. 2011 ला इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा केवढं रण माजलं होतं. रण माजवणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत होती हे विचारू नका. आमचे भागशिक्षणाधिकारी मात्र बरे. डोंगरातल्या शाळेवर बाई एकटी असते म्हणून बैठक पणजीला न लावता तिच्या शाळेतच लावणारे एक होते.

---

खडूफळा

ताई, मी पुढच्या विभागीय परीक्षेतून केंद्रप्रमुख व्हायचा प्रयत्न करतोय. निम्मी पदं आता परीक्षेतून भरतात आणि पदाचं नावही 'समूह साधन केंद्र समन्वयक' झालंय. निवड झालीच तर पहिल्या वर्षी काय करू? पुस्तकी नको, खरं सांगा.

---

शेरेबुक

खडूफळा, शुभेच्छा. पहिले दोन महिने कुणालाच शेरा देऊ नका. प्रत्येक शाळेत परिपाठाच्या आधी पोचा आणि शाळा सुटेपर्यंत थांबा. उड्या मारत चार शाळा केल्या तर चार सह्या होतात, दुसरं काही होत नाही. प्रत्येक शाळेचं एक पान करा. मुलं घरी काय बोलतात, कोण कधी स्थलांतर करतं, गावाचा बाजार कधी, जत्रा कधी, शिक्षक कुठून ये-जा करतात, शाळेला मदत करणारं गावात कोण आणि खोडा घालणारं कोण. या पानाचा नमुना कुठल्याही पोर्टलवर नाही, तुमच्या वहीतच ठेवा. बदली झाली की पुढच्याला द्या.

माहितीचे मेसेज थांबणार नाहीत. जी माहिती तुमच्याकडे आधीच आहे ती शिक्षकांना परत मागू नका, स्वतः भरा. शिक्षक तुमचे होतील.

आणि मुख्याध्यापकाला चारचौघांत कधी बोलू नका, विशेषतः गावकऱ्यांपुढे. तुम्ही जाता, त्यांना तिथंच राहायचं असतं.

---

पाटीपेन्सिल

हे "परत मागू नका" आमच्या तालुक्याला फॉरवर्ड करते. नाव काढून.

ताई, परवा आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे. विषय वरून ठरून आलेत, पीपीटी पण आलीय, 64 स्लाइड. यजमान शाळा आमची. काही करता येईल?

---

शेरेबुक

येईल. परिषद दुपारची असली तर मुलांना घरी सोडायच्या आधी तासभर शिक्षकांना बोलवा. तुमच्या चार इयत्तांच्या वर्गात कुणा एकाला प्रत्यक्ष पाठ घ्यायला सांगा, बाकीचे मागे बसतील. न वाचणारी मुलं पुढे बसवा, लपवू नका. पाठ झाल्यावर त्याच मुलांबद्दल अर्धा तास बोला. कुणी उपदेश करायला लागला तर पुढचा पाठ त्याला द्या.

मग पीपीटी. पहिली स्लाइड, शेवटची स्लाइड आणि मधल्या दोन, फोटोसाठी. अहवाल त्यांच्या नमुन्यात भरून पाठवा, पाठाचा रकाना त्यात नसेल, तेव्हा लिहायची गरज नाही. सीमेवरचा यांच्या शाळेत वाचनाचे कार्ड असेच तयार झाले असणार, त्यांना मेसेज करून एक संच मागवा. चित्रं तीच चालतील, अक्षरं तुमची घाला.

---

सीमेवरचा

पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. 40 कार्ड आहेत, कोपरे जरा कुरतडलेत.